लाल शहरासाठी दोन जागा

काराकोलच्या बाजारात फळं विकणाऱ्या पंचवीस-तीस बाया बसतात. सगळ्या एकच शब्द ओरडतात, "अल्मा! गोड अल्मा!" अल्मा म्हणजे सफरचंद. एकटी सालकिन तो शब्द तोंडातून काढत नाही. ती ओरडते, "लाल घ्या लाल! आज उतरवलेले लाल!" नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. "लाल काय, बाई? टोमॅटो?" मग सालकिन ढिगाकडे हनुवटी उडवते. "डोळे घरी ठेवून आलात काय?"

सालकिन म्हणजे गार वाऱ्याची झुळूक. नाव ठेवणाऱ्याने तिला तेव्हा नीट बघितलं नसावं. बाजारात तिच्या ओट्यासमोर गाडी लावायची कुणाची छाती होत नाही. बाजाराचा ठेकेदार एकदा बायांना पत्र्याबाहेर उन्हात बसवायला निघाला, तर हिने त्याचीच खुर्ची उचलून उन्हात ठेवली आणि म्हणाली, "बसून दाखवा तासभर." पण हीच बाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून अठ्ठावीस वर्षं सफरचंदाला सफरचंद म्हणालेली नाही.

कारण तिच्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचं नाव अल्माकान. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि नावासारखा ऐकू येणारा शब्दही नाही, ही जुनी रीत. आजकालच्या सुना दोन-चार महिने पाळतात आणि सोडून देतात. सालकिनने सोडली नाही. सासऱ्याचं नाव तश्तान होतं, तश म्हणजे दगड. म्हणून तिच्या घराच्या कुंपणाला दगड नाहीत, 'टणक' आहेत. आणि डोंगरापलीकडचं, सरहद्दीपलीकडचं ते मोठं शहर, अल्माटी, ते तिच्यासाठी 'लाल शहर'.

"आई, कशाला हे ओझं?" बिशकेकला शाळेत शिकवणारी तिची मुलगी आयपेरी म्हणायची.

"ओझं असतं तर पहिल्याच वर्षी फेकलं असतं," सालकिन म्हणायची. "ही माझी कमाई आहे. आख्ख्या बाजारात कुणाची आहे? दाखव."

सप्टेंबर संपत आला होता. फळांचा भर हंगाम. मंगळवारी दुपारी फोन वाजला. मेरिम, नवऱ्याची धाकटी बहीण. ती अल्माटीत राहायची.

"जेंगे," मेरिम म्हणाली. भावाच्या बायकोला आमच्याकडे जेंगे म्हणतात. "सोमवारी सकाळी आमचं विमान आहे."

"कुठलं विमान?"

"कोरियाचं. गेर्मानला तिकडे काम मिळालंय. घर आवरलं. पाच-सहा वर्षं तरी येणं होणार नाही."

सालकिनने हातातलं फळ ढिगावर ठेवलं. "मग ये की शनिवारी. दोन दिवस राहा."

"कुणाच्या दारात येऊ?"

मेरिम पाच वर्षांची असताना आई गेली. तिला न्हाऊमाखू घातलं ते अल्माकानने, अक्षर गिरवायला शिकवलं ते अल्माकानने. सालकिन लग्न होऊन आली तेव्हा मेरिम तेरा वर्षांची होती आणि अल्माकानच्या मांडीवर डोकं ठेवल्याशिवाय तिला झोप यायची नाही. तीच मेरिम चौतिसाव्या वर्षी अल्माटीतल्या एका कोरियन माणसाशी, गेर्मानशी, घरात कुणाला न विचारता लग्न करून बसली. अल्माकानने आरडाओरडा केला नाही. तिने एवढंच केलं की त्या दिवसापासून मेरिमचं नाव घेतलं नाही. सात वर्षं. घरात फोटो होते ते होते, पण कुणी मेरिम म्हटलं की अल्माकान उठून दुसऱ्या खोलीत जायची.

"मी घेऊन येते तिला तिकडे," सालकिन म्हणाली.

"सांगून आणणार असशील तर नको," मेरिम म्हणाली. "तिला सांगितलंस आणि ती आली नाही, तर मला कळेल की माहीत असूनही ती आली नाही. ते पोटात घेऊन मला विमानात बसायचं नाही."

"न सांगता आणते."

"जेंगे, ती गणिताची मास्तरीण आहे."

"आणि मी बाजारातली आहे," सालकिन म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी चहाला सगळे बसले. अल्माकान नवरा गेल्यापासून याच अंगणातल्या पलीकडच्या दोन खोल्यांत राहायची. सहासष्ट वर्षांची, पांढऱ्या रुमालाची, सोन्याच्या दोन दातांची, पाठ पट्टीसारखी सरळ. सालकिनचा नवरा इशेन बोरसोक कुरतडत होता. सालकिनने त्या तळलेल्या चौकोनांची थाळी अल्माकानपुढे सरकवली आणि खडा टाकला.

"मी म्हणते, शनिवार-रविवार आपण बायाबायांनी कुठे फिरून येऊ या, आक एजे." आक म्हणजे गोरी, एजे म्हणजे थोरली बहीण. नावाच्या जागी हे. "आयपेरी बिशकेकहून थेट तिकडे येईल. तिने राहायची खोलीसुद्धा बघून ठेवलीय."

"तिकडे म्हणजे कुठे?" इशेनने विचारलं. त्याला माहीत होतं. त्याला खोडी काढायची होती.

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला कसं ठाऊक? दुनियेत शहरं पुष्कळ. नाव सांग."

"लाल शहर."

"मॉस्को?"

"इशेन, चहा पी," अल्माकान म्हणाली. मग तिने सालकिनकडे पाहिलं, जशी ती वर्गात शेवटच्या बाकाकडे पाहायची. "केलिन, झाडं फळांनी वाकलीत. तू बाजार सोडून फिरायला जाणार?"

केलिन म्हणजे सूनबाई. अठ्ठावीस वर्षांत अल्माकाननेही सालकिनला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नव्हती.

"कंटाळा आलाय, एजे."

"अठ्ठावीस वर्षांत आला नाही तो या मंगळवारी आला?"

सालकिनने चहा ओतायला मान खाली घातली. "तो मोठा हमाम आहे ना तिथला, घुमटवाला. तुम्ही सांगायचात. तुमचे गुडघे शेकून निघतील."

अल्माकानने पेला हातात फिरवला. "मी शिकायला होते तेव्हा तो बांधत होते," ती म्हणाली. "रोज तिथून जायची. घुमट चढताना बघितला. उघडायच्या आत मला इकडे नोकरी लागली." तिने पेला खाली ठेवला. "आत कधी गेले नाही."

इशेन म्हणाला, "हिच्या बेतावर जाऊ नकोस, एजे. हिला बाजारातून घरी यायची वाट सापडते हेच पुष्कळ."

"बघू या की सापडते का," सालकिन म्हणाली. दात आवळूनच म्हणाली.

अल्माकानने चौकटीची वही मागवली. रेघ मारली, दोन रकाने पाडले. शनिवार, चार वाजता हमाम. सात वाजता जेवण, घोड्याचं मांस चांगलं मिळतं तिथे. रविवार, दहा वाजता डोंगरावर पाळण्यातून. एक वाजता नाटक, तिकिटं आयपेरीने काढावीत. खरेदी नाही. तिने पेन्सिल थांबवली. "रविवारी दुपारी तीन ते पाच रिकामं राहतंय. तिथे काय?"

"तिथे काहीतरी असेल," सालकिन म्हणाली. "राहू द्या रिकामं."

"रिकामं कसं राहू द्यायचं?" अल्माकानने वर पाहिलं. सालकिन थाळ्या उचलून स्वयंपाकघरात गेली आणि नळ उगाच सोडून उभी राहिली.

आयपेरी फोनवर म्हणाली, "गाडीचंही मी इथून बघते, आई."

"खोली तू बघितलीस, नाटक तू बघतेस. गाडी माझी."

"तू स्टँडवर सांगणार काय? शहराचं नाव तर घेत नाहीस."

"त्या स्टँडवरचं कुत्रंसुद्धा मला ओळखतं."

कुत्रं ओळखत असेल. पण गुरुवारी सालकिन स्टँडवर गेली तेव्हा रोजचा नोंदणीवाला लग्नाला गेला होता आणि त्याच्या खुर्चीत ओशकडचा कुणी नवा माणूस बसला होता. अल्माकान शेजारीच, हातभर अंतरावर, तंदूरच्या रोट्या दाबून बघत होती. सालकिनने आवाज खाली घेतला.

"शनिवारी सकाळी दोन जागा. किझिल शहर."

किझिल म्हणजे लाल. अल्माकानने ते ऐकलं आणि नेहमीसारखं समजून घेतलं. नव्या माणसानेही आपल्या परीने समजून घेतलं.

"किझिल. सातला निघते, चालेल?"

"चालेल. घरून घ्यायला या."

"घरून?" त्याने जरा नवलाने पाहिलं. "बरं. पत्ता सांगा."

सालकिन तिथून निघाली ती मान ताठ करून. म्हणे बेत जमत नाही.

शनिवारी सातच्या ठोक्याला फाटकाशी गाडी आली. आत दोन म्हातारे आधीच बसले होते. ड्रायव्हरने पिशव्या मागे टाकल्या. सालकिनने एक पिशवी मात्र हातात ठेवली. तिच्यात झाकणाची मोठी बरणी होती, आणि बरणीत काराकोलच्या बाजारातल्या थंड, आंबट-तिखट शेवया. या शेवया फक्त इथेच मिळतात. मेरिम फोनवर नेहमी म्हणायची, शहरात सगळं आहे, त्या शेवया नाहीत.

गाडी निघाली आणि अल्माकानने पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे कुणासाठी?"

"आयपेरीसाठी."

"आयपेरीला तिखट चालत नाही."

"आता चालतं."

"मागच्या महिन्यात आली होती तेव्हा तिने मिरची वेचून बाजूला काढली."

"शहरात राहून बदलतात मुली."

"हो," अल्माकान म्हणाली. "बदलतात."

पुढची पंधरा मिनिटं सालकिन बरणीचं झाकण घट्ट करत राहिली, जे आधीच घट्ट होतं. हिला कळलंय का? कळलं असेल तर गाडी थांबवून उतरेल का? अल्माकान उतरू शकते. अल्माकान काहीही करू शकते. एकदा ती शाळेच्या तपासनीसाला वर्गाबाहेर उभं करून आली होती. आणि उतरली, तर मेरिम सोमवारी विमानात बसेल ती तेच पोटात घेऊन. मग पाच वर्षं. अल्माकानचं वय सहासष्ट. हा हिशोब सालकिनलाही येत होता.

तिने नजर उचलून बाहेर पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

काराकोलजवळचं मोठं सरोवर उजव्या हाताला दिसत होतं. सरहद्दीच्या वाटेने गेलं की सरोवर डाव्या हाताला राहतं, हे इथल्या लेकरालाही माहीत असतं.

"गाडी थांबवा!"

"आता काय झालं, आपा? दहा मिनिटांत पोचतो."

"कुठे?"

"किझिल-सूला." ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "तुम्हीच सांगितलंत ना, किझिल?"

किझिल-सू, लाल पाण्याचं गाव. काराकोलपासून अर्ध्या-पाऊण तासावर, बरोबर उलट्या दिशेला.

"किझिल शहर म्हणाले मी! शहर!"

"ते काय शहर नाही? तिथे बँक आहे, दवाखाना आहे." ड्रायव्हर किझिल-सूचा होता. त्याला राग आला. पुढचा म्हातारा म्हणाला, "सिनेमासुद्धा होता पूर्वी."

अल्माकानने हात मांडीवर ठेवले. तिने डोळे मिटले. तिचे ओठ किंचित हलत होते, आणि ती देवाचं नाव घेतेय की हसू दाबतेय ते सालकिनला कळेना. दोन म्हाताऱ्यांना त्यांच्या दारात उतरवल्याशिवाय गाडी वळवायला ड्रायव्हर तयार नव्हता. एकाने दारातच सगळ्यांना चहा प्यायला बोलावलं. सालकिन त्याच्या अंगावर ओरडली. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं, पण तिने लावलं.

काराकोलला परत आले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. अल्माटीची एकुलती एक मिनीबस आठला गेली होती. आता खासगी गाड्या. आणि दहानंतर त्या बाजूला कुणी गाडी काढत नाही, कारण सरहद्दीची चौकी संध्याकाळी बंद होते आणि ड्रायव्हरला परत यायचं असतं. आयपेरीला फोन लावला, लागेना. ती बिशकेकच्या बाजूच्या चौकीवर रांगेत असणार.

"तुम्ही इथे बसा, एजे." सालकिनने अल्माकानला बाकावर बसवलं, पिशव्या दिल्या, फोनही दिला. "आयपेरीचा आला तर घ्या."

आणि ती गाड्यांमध्ये शिरली.

"कुठे जायचं?" पहिला म्हणाला.

"पलीकडे. चौकीपलीकडे."

"चौकीपलीकडे आख्खा देश आहे, आपा."

"मोठं शहर. लाल."

"कोडी घालायला वेळ नाही मला. बिशकेक! बिशकेक एक जागा!"

दुसऱ्याने तिला चौकीपलीकडच्या पहिल्या गावापर्यंत, केगेनपर्यंत, सोडतो म्हटलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. तिसरा जुना होता, तिला ओळखत होता, "कळलं कळलं, लाल शहर," म्हणाला, पण त्याची गाडी भरली होती. सालकिनने मागे वळून पाहिलं. तीस पावलांवर अल्माकान बाकावर बसली होती. उघडपणे नाव घेऊन ओरडलं तर तिला ऐकू जाणार होतं. आणि तिसऱ्यांदा वळून पाहिलं तेव्हा अल्माकान फोनकडे बघत होती. फोन वाजत होता. अल्माकान तो घेत नव्हती, बंदही करत नव्हती. नुसती बघत होती.

सालकिनचे पाय आपोआप तिकडे चालायला लागले. पोचेपर्यंत फोन वाजायचा थांबला होता. पडद्यावर नाव तसंच होतं. मेरिम.

"हे काय आहे, केलिन?"

सालकिनच्या डोक्यात चार खोटी उत्तरं आली. चारही तिने सोडून दिली.

"सोमवारी सकाळी जातेय ती. कोरियाला. पाच-सहा वर्षं येणार नाही. मला तुम्हाला तिच्यासमोर नेऊन उभं करायचं होतं. हमाम वगैरे त्यासाठी."

"शेवया तिच्यासाठी."

"हो."

"रविवार तीन ते पाच."

"हो."

अल्माकानने फोन बाकावर ठेवला. रुमाल नीट केला. "मी येत नाही."

"एजे."

"तिला जायचं तर जाऊ दे. लग्नाला विचारलं नाही, जायलाही विचारू नये. मी घरी जाते."

तेवढ्यात फाटकाजवळून एक मिशाळ ड्रायव्हर ओरडला, "चौकीच्या बाजूला शेवटची गाडी! दोन जागा! कुठे जायचं ते झटकन सांगा, मी निघालो!"

सालकिन तशीच त्या गाडीकडे निघाली असती. तिचा एक पाय वळलाही होता. पण मग तो तिचा राग आला, जो बाजाराला ओळखीचा होता आणि ज्याने घराचा उंबरा आजवर ओलांडला नव्हता.

"ऐका," ती म्हणाली. "मी तुमचं नाव घेत नाही. फळाचं घेत नाही, शहराचं घेत नाही. आज त्यापायी लाल पाण्याच्या गावाला जाऊन आले, सगळं स्टँड मला हसतंय. का करते मी हे? भिते म्हणून? मी कुणाला भीत नाही, बाजारात विचारा. मी तुम्हाला मानते म्हणून करते. आणि तुम्ही त्या पोरीचं नाव घेत नाही. सात वर्षं. तुम्ही तिला अक्षरं शिकवलीत, तिचं नाव तिला लिहायला तुम्ही शिकवलंत. माझं न घेणं आणि तुमचं न घेणं एक आहे का? जन्मभर गणित शिकवलंत ना? मांडा हे."

अल्माकानने आपली पिशवी मांडीवर ओढली.

"आता मी नाव घेणार आहे," सालकिन म्हणाली. "घरी गेल्यावर काय शिक्षा करायची ती करा. तुम्ही आलात तर दोघी, नाही आलात तर मी एकटी. ती जाताना घरचं एक तरी माणूस तिच्यापाशी पाहिजे."

तिने तोंड वळवलं, छाती भरून घेतली आणि ज्या आवाजाने अठ्ठावीस वर्षं 'लाल घ्या लाल' ओरडली होती त्या आवाजाने ओरडली:

"अल्माटी! दोन जागा, अल्माटी!"

स्टँडला लागून फळबाजाराचं फाटक आहे. तिथल्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकजण म्हणाली, "अगं, सालकिन म्हणाली! नाव घेतलं तिने!" दुसरीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"या लवकर," मिशाळ म्हणाला.

सालकिनने आपली पिशवी उचलली, बरणीची पिशवी उचलली, आणि मागे न बघता चालू लागली. पिशव्या गाडीत ठेवल्या. दार उघडं ठेवून ती आत बसली. ड्रायव्हरने गाडी चालू केली. "दुसरं माणूस?"

"थांबा थोडं."

"आपा, दहा वाजत आले."

"थांबा म्हटलं ना!"

सावली पडली. अल्माकान दाराशी उभी होती. तिने आपली पिशवी ड्रायव्हरच्या हातात दिली, वाकून आत पाहिलं आणि बरणीकडे बोट केलं.

"ती आडवी कशी ठेवलीस? सांडतील. उभी ठेव."

आणि ती आत बसली.

चौकीपर्यंतच्या वाटेत ती खिडकीबाहेरच बघत राहिली. कुरणं गेली, तंबू उठवून खाली उतरणारे मेंढपाळ गेले. सालकिनला वाटलं, ही बसली तर आहे, पण कशासाठी बसली आहे? तिथे जाऊन मेरिमला तोंडावर काही बोलायला? त्यापेक्षा नसती आली तर बरं. एकदा अल्माकानने वही काढली. चार वाजता हमाम, त्याच्यावर रेघ मारली. पुढे काही लिहिलं नाही. वही मिटली.

चौकीवर रांग होती. खिडकीतल्या शिपायाने दोन्ही पासपोर्ट हातात धरले. अल्माकानचा फोटो जुना होता, चष्म्याचा, रुमाल नसलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग सालकिनला विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

"नणंद."

"नाव काय यांचं?"

सालकिनचा मघाचा राग वाटेत कुठेतरी सांडून गेला होता. "त्या... थोरल्या एजे."

"नाव विचारतोय मी. नणंदेचं नाव माहीत नाही?" त्याने पासपोर्ट बाजूला ठेवला. मागे रांगेतून कुणीतरी चुकचुकलं.

सालकिनने अल्माकानकडे पाहिलं. अल्माकान समोर, काचेकडे बघत होती.

"अर्धं तर स्टँडवर ओरडलीस," ती म्हणाली. "उरलेलं अर्धं कुणासाठी ठेवलंयस? सांग त्याला."

"अल्माकान," सालकिन पुटपुटली.

"मोठ्याने. मध्ये काच आहे."

"अल्माकान!"

शिक्का पडला. गाडीकडे परत चालताना सालकिनला रडू येत होतं आणि का ते सांगता येत नव्हतं. आपली एवढी जपलेली चीज गेली म्हणून, की गेली आणि आभाळ कोसळलं नाही म्हणून. अल्माकान तिच्या पुढे दोन पावलं चालत होती, पाठ पट्टीसारखी सरळ.

केगेन जवळ आलं तसा फोनला जीव आला. दोनदा टुणटुणला.

"दे तो इकडे," अल्माकान म्हणाली.

तिने चष्मा लावला. नाव शोधलं, दाबलं. पलीकडे एकाच घंटेत उचललं गेलं.

"जेंगे! कुठे आहात तुम्ही? मी सकाळपासून— ती आहे ना बरोबर? जेंगे?"

अल्माकानचा ओठ हलला. आवाज आला नाही.

"जेंगे, बोल की!"

"मी आहे," अल्माकान म्हणाली.

मग फोन कट झाला.

अल्माकान फोनकडे बघत राहिली. ड्रायव्हरने गाणं लावायला हात पुढे केला होता तो त्याने परत घेतला. सालकिनने बरणी दोन्ही हातांनी धरली. संपलं, तिला वाटलं. आता ही म्हणणार, गाडी वळवा. आणि या वेळी मी काय ओरडू? ओरडायला नाव उरलं नाही.

फोन वाजला.

"घे तू," अल्माकान म्हणाली. तिने फोन पुढे केला.

"मी नाही घेत."

"केलिन."

"नाही घेत म्हणजे नाही. माझी दोन्ही नावं घेऊन झाली. आता तुमची पाळी."

फोन तिसऱ्यांदा वाजला, चौथ्यांदा वाजला. अल्माकानने तो कानाला लावला.

"मेरिम," ती म्हणाली.

पलीकडचा हुंदका सालकिनला ऐकू आला. ड्रायव्हरलाही आला असावा, त्याने गाडीचा वेग कमी केला.

"मेरिम, रडून घे आधी. मी आहे फोनवर." अल्माकान थांबली. तिने रुमालाच्या टोकाने चष्म्याखाली पुसलं. मग तिचा आवाज वर्गातला झाला. "झालं? आता सांग, तो हमाम किती वाजता बंद होतो? मी चारचा लिहिला होता. पण या सालकिनने सकाळीच किझिल-सू दाखवून आणलं."

सालकिनने मान झटकन वळवली. अठ्ठावीस वर्षांत ते नाव त्या तोंडातून तिने पहिल्यांदा ऐकलं होतं. अल्माकान तिच्याकडे बघत नव्हती. ती मांडीवर वही उघडून, खोडलेल्या ओळीच्या वर, पेन्सिलीने सहा लिहीत होती.